टप्प्याचं भाडं

गंगाखेडच्या स्टँडसमोर, रसवंतीला लागून
मोईन मोबाईल शॉपी.
मोईन दुपारी जेवायला जातो तेव्हा काउंटरवर समरीन असते.
बारावीचं पुस्तक पालथं ठेवून तिनं विचारलं,
"काका, किती बोलताव तुम्ही?"

एकतीस वर्षं कंडक्टर होतो.
मीच विचारायचो, कुठं जायचं,
आणि पालमला उतरणाऱ्याकडून पालमचेच घ्यायचो,
लोह्याचे नाही.

फोन तिच्या हातात दिला. बटणांचा,
चार दिवसांनी एकदा चार्जिंगला लागणारा.
तिनं यादी खालपर्यंत नेली.
अख्ख्या महिन्यात अकरा मिनिटं, वर काही सेकंद.
त्यातली चार बँकेतल्या बाईंनी थांबायला लावलेली,
तिकडं सनई वाजत होती, माझ्या खर्चानं.

बाकी सगळ्या रिंगा.
एक रिंग, दूध घेऊन ठेव.
दोन रिंगा, पोचलो.
तीन झाल्या तर उचलायचं, कुणीतरी दवाखान्यात आहे.
रिंगांना पैसे पडत नाहीत, हे
आमच्या घरात पाढ्यांच्या आधी शिकवतात.

"एकशे एकोणनव्वदचा मारू? अठ्ठावीस दिवस."
रोजचे पावणेसात.
ती कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत मी पुढं गेलो होतो:
अठ्ठावीसचा महिना, म्हणजे वर्षाला तेरा.
पंचांगात अधिक महिना तिसऱ्या वर्षी,
यांच्याकडं दरवर्षी धोंडा,
आणि जावई कोण ते अनारशांनाच ठाऊक.

"रोज दीड जीबी बी हाय त्याच्यात."
कुठं ठेवू गं दीड जीबी,
या फोनला खिडकीच नाही.

"मग टॉपअप मारा. जेवढं बोलताल तेवढंच जाईल."
मारला होता मागं.
सदतीस रुपये तसेच पडून होते
आणि एका सकाळी आतली बाई म्हणाली, सेवा बंद.
पैसे खिशात, अन् गाडीत चढू देईनात.
असला नियम आमच्या महामंडळालाही सुचला नव्हता.

नंबर मात्र जिवंत लागतो.
पेन्शन त्याच्यावर, गॅस त्याच्यावर,
ते चार आकडी, सहा आकडी निरोप त्याच्यावर.
मी हयात आहे हे वर्षातून एकदा सांगतो,
नोव्हेंबरात, अंगठा टेकवून.
नंबर हयात आहे हे दर अठ्ठावीस दिवसांनी.
माझ्यापेक्षा त्याच्यावर संशय जास्त.

मग तिनं खालच्या फळीवरचा, कोपरा दुमडलेला कागद काढला.
हा कुणी मागत नाही म्हणाली, मोईनभाई दाखवत बी नाही.
नुसतं बोलणं, नेट नाही.
वर्षाचे अठराशे पंचवीस.

रोजचे पाच.
स्वस्त तोच. हिशोबात कुठं चूक नव्हती.
तरी एक्काहत्तराव्या वर्षी वर्षाचं तिकीट काढताना
हात जरा थांबला.
उतरून गेलेल्याला उरलेल्या टप्प्याचे पैसे
मी कधी परत दिले नाहीत.

समरीनचं लक्ष पुस्तकात गेलं होतं.
मान न उचलता म्हणाली,
"फुडच्या वर्षी मी नसंन इथं.
मोईनभाईला सांगा, नुसत्या बोलण्याचाच मार म्हणून.
नाहीतर तो दुसराच मारून ठेवंल."

फुडच्या वर्षी.
पाचशेच्या चार काढून दिल्या.
पावणेदोनशे परत आले, दोनदा मोजले. सवय.

स्टँडच्या बाकावर बसून गोकर्णाला लावला, कंधारला.
रिंग नव्हे, फोन.
"काय झालं? कोण हाय दवाखान्यात?"
कुणी नाही अक्का. वर्षाचं भरलंय. बोल.
"काय बोलू?"
तिच्याकडं कुणीतरी बादली ओढत नेत होतं.
माझ्याकडं परळी गाडी लागली, लोक धावले.
"आंबा धरलाय औंदा," ती म्हणाली,
मग थोडं थांबून,
"थोडाच धरलाय."
मी विचारणार होतो कोणता, आडातला की बांधावरचा,
तेवढ्यात,
"बरं ठेवते रे, मिनिट होऊ लालंय."

अठ्ठावन्न सेकंद.